नस तुटल्याचा हिशेब कुणाच्या वहीत?

पालघर जिल्ह्यात माणसाची नस दोन ठिकाणी धोक्यात असते. जव्हार, विक्रमगड, तलासरीच्या पाड्यांवर कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आजही सापडतात. आणि बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत सॉल्व्हंटच्या ड्रमांशी रोज संबंध येणारे कामगार आहेत. नसेला झालेली इजा रक्तातल्या एका प्रथिनावरून मोजता येणं ही गेल्या पंधराएक वर्षांतली गोष्ट. ती इथल्या माणसाच्या कामाची आहे का, यावर मामा-भाचीचं हे बोलणं. मामा कुष्ठरोग कार्यक्रमात अवैद्यकीय सहाय्यक म्हणून पाडे पालथे घालून निवृत्त झालेले. भाची मुंबईत जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत. दोघंही कल्पित आहेत, त्यांनी दिलेली माहिती मात्र कल्पित नाही.

मामा : तुझ्या त्या चाचणीचं नाव परत सांग. फोनवर सांगितलंस, पण डोक्यात राहिलं नाही.

भाची : न्यूरोफिलॅमेंट लाइट चेन. आम्ही नुसतं एनएफएल म्हणतो. नसेच्या पेशीला एक लांब धागा असतो, ॲक्सॉन. कमरेतून पायाच्या अंगठ्याकडे जाणारा ॲक्सॉन मीटरभर लांब भरतो. एवढ्या बारीक, एवढ्या लांब धाग्याला आतून आधार लागतो, तो न्यूरोफिलॅमेंट नावाची प्रथिनं देतात. त्यांचे हलका, मध्यम, जड असे प्रकार आहेत. मोजायला हलका सोयीचा. ॲक्सॉन तुटला की हे प्रथिन बाहेर पडतं आणि थोडं थोडं रक्तात उतरतं.

मामा : म्हणजे आपल्या कुडाच्या घरासारखं. भिंतीत कारवी, वरून शेणमातीचा लेप. पावसाळ्यात भिंत ढासळली की कारव्या वाहत ओढ्याला लागतात.

भाची : अगदी तसंच. आम्ही ओढ्यातल्या कारव्या मोजतो.

मामा : मोजा की. पण ओढ्यात दहा काड्या मिळाल्या तर कुठल्या पाड्यावरचं, कुणाचं घर पडलं, ते पावसानं पडलं की आधीच वाळवी लागली होती, यातलं ओढा काय सांगतो?

भाची : काहीच नाही. या चाचणीचा मोठा दोष तोच. पक्षाघात झाला तरी एनएफएल वाढतं, डोक्याला मार लागला तरी वाढतं. मल्टिपल स्क्लेरॉसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजारात वाढतं, मधुमेहात पायांच्या नसा खराब झाल्या तरी वाढतं. एएलएसमध्ये, म्हणजे स्टीफन हॉकिंगना झाला होता त्या आजारात, तर फारच वाढतं. वय वाढेल तसं निरोगी माणसातही दरवर्षी दोन-तीन टक्क्यांनी चढतं. मूत्रपिंड नीट काम करत नसलं तर रक्तात साचून राहतं आणि अंगानं जाड माणसात आकडा कमी दिसतो.

मामा : मग तुझ्या या चाचणीपेक्षा माझं बॉलपेन बरं! तळहाताच्या, तळपायाच्या ठरलेल्या जागांवर पेनाचं टोक हलकेच टेकवायचं, रुग्णानं डोळे मिटून ती जागा बोटानं दाखवायची. मग करंगळी बाहेर ताणायला सांगायची, अंगठा उभा धरायला सांगायचा, पाऊल वर उचलायला लावायचं आणि आपण उलट जोर लावून बघायचं. कोपराच्या आतल्या बाजूची नस बोटाखाली घेऊन जाड झाली का, दुखते का, ते पाहायचं. सगळं कार्डावर लिहायचं, पुढच्या वेळी आधीच्या नोंदीशी ताडायचं. यानं कुठली नस ते कळतं, उजवी की डावी ते कळतं, आणि खर्च पाच रुपयांच्या पेनाचा.

भाची : आणि त्यावर उपचारही होतो, हे मला ठाऊक आहे.

मामा : होतो म्हणजे! कुष्ठरोगाचा जंतू नसेभोवतीच्या पेशींत राहतो. जंतूविरुद्ध शरीराची रिॲक्शन आली की नस सुजते. बधिरपणा किंवा कमजोरी येऊन सहा महिने झाले नसतील तर प्रेडनिसोलोन देऊन बरीचशी नस परत मिळवता येते. उशीर झाला की बोटं वाकडी, पायाला जखमा, मग जन्मभर मऊ रबराची एमसीआर चप्पल. नस कुठली आणि कधीपासून, या दोन गोष्टींवर माणसाचा हात वाचतो. यातलं तुझं रक्त एकही सांगत नाही.

भाची : मान्य. पण तुमचं पेन कधी बोलायला लागतं? माणसाला स्पर्श कळेनासा झाल्यावर. नसेत हजारो धागे असतात. त्यातले बरेच गेले तरी उरलेले काम ओढून नेतात आणि माणसाला काही जाणवत नाही. पेनानं पकडलं तेव्हा नुकसान सुरू होऊन किती काळ झाला होता, हे पेन सांगू शकतं?

मामा : एनसीव्ही सांगेल की. नसेला झटके देऊन वेग मोजतात ना?

भाची : सांगेल. पण त्याला यंत्र हवं, ते वाचणारा डॉक्टर हवा, आणि तपासणी दुखते. तलासरीच्या माणसाला त्यासाठी वापी-सिल्वासा गाठावं लागतं, नाहीतर मुंबई. गावातल्या शंभर माणसांची दरवर्षी एनसीव्ही कोण करणार? रक्त मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रातही काढता येतं, आणि हे प्रथिन तसं टिकाऊ आहे. गोठवून ठेवलं तर वर्षांनीही मोजता येतं.

मामा : एवढं टिकाऊ आहे तर आमच्या नोकरीच्या काळात कुणी मोजलं कसं नाही?

भाची : रक्तात ते फारच थोडं असतं. धडधाकट तरुणाच्या एक मिलिलीटर रक्तात साधारण पाच ते दहा पिकोग्रॅम. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोग्रॅम. मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात त्याच्या चाळीस-पन्नास पट असतं, म्हणून स्वीडनमधले लोक १९९०च्या दशकात तिथं मोजत होते. पण पाठीत सुई घालून पाणी काढायला दरवर्षी कोण तयार होईल? २०१०मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या डेव्हिड वॉल्ट यांच्या गटानं नवी रीत दाखवली. चुंबकीय मण्यांवर प्रतिपिंडं चिकटवायची, ती नेमकं हवं ते प्रथिन धरून ठेवतात. रेणू इतके थोडे आणि मणी इतके जास्त की एका मण्यावर फार तर एक रेणू बसतो. मग एकेक मणी एकेका सूक्ष्म खड्ड्यात उतरवायचा. असे खड्डे दोन लाखांवर. ज्या मण्यावर रेणू बसलाय, तो खड्डा चमकतो. चमकलेले खड्डे मोजले की झालं. सगळ्या द्रवाच्या रंगाची छटा पाहून अंदाज करण्याऐवजी एकेक रेणू मोजता आला, म्हणून हा विषय पाठीच्या पाण्यातून रक्तात आला.

मामा : हुशारी आहे, नाकारत नाही. पण माणसाला काय मिळालं ते सांग. पुण्यातलं उदाहरण घे. २०२५च्या जानेवारी-फेब्रुवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात गियाँ बारेचे दोनशेहून जास्त रुग्ण झाले. चालती-बोलती माणसं दोन-चार दिवसांत पायांतलं बळ जाऊन पडली, काहींना व्हेंटिलेटर लागला. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पायलोबॅक्टर सापडला, बोट पाण्याकडे गेलं. तिथं तुझ्या प्रथिनानं काय केलं असतं? विहीर शुद्ध केली असती?

भाची : विहीर नाही. पण व्हेंटिलेटरवरच्या माणसाची बायको डॉक्टरांना एकच विचारते, हे परत चालतील ना? गियाँ बारेमध्ये कुणाच्या नसेवरचं वेष्टणच जातं, ते भरून येतं. कुणाचा आतला ॲक्सॉनच तुटतो, तो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो, आणि सगळे परत वाढतातच असं नाही. दाखल होताना रक्तात एनएफएल फार चढलेलं असेल तर वर्षानंतरही चालण्यात अडचण राहण्याची शक्यता जास्त, असं युरोपातल्या अभ्यासांत दिसलंय. त्या बाईला निदान खरं उत्तर मिळालं असतं. कुणावर व्यायामोपचाराचा जोर जास्त लावायचा, कुणाच्या घरी आर्थिक तयारी लागेल, हे आधी कळलं असतं.

मामा : आकडा वाईट आला म्हणून कुणाचा उपचार आखडता घेतला गेला तर? खाटा कमी पडल्या की असला आकडा लोकांच्या विरोधात वापरायला वेळ लागत नाही.

भाची : ती भीती खरी आहे. म्हणून एका माणसाच्या उपचाराचा निर्णय या एकट्या आकड्यावर कुणी घेऊ नये.

मामा : पण घेतलेत की! औषधाला मान्यताच दिली म्हणतात.

भाची : टोफर्सेन. एएलएसच्या एका दुर्मीळ प्रकारावर, ज्यात एसओडी-१ नावाच्या जनुकात बिघाड असतो. अठ्ठावीस आठवड्यांच्या चाचणीत रुग्णांच्या हालचालीचे गुण ठरवलेल्या निकषावर सुधारले नाहीत. एनएफएल मात्र निम्म्याहून खाली आलं. एप्रिल २०२३मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं मुख्यतः त्या उताराच्या आधारावर औषधाला त्वरित मान्यता दिली.

मामा : म्हणजे आकडा बरा झाला, माणसाचं काय?

भाची : ज्यांना औषध लवकर सुरू झालं, त्यांची घसरण नंतरच्या पाहणीत मंदावलेली दिसली. त्या आजारात मंदावणं हीच मोठी गोष्ट असते. दोन-चार वर्षांत माणूस जातो तिथं दहा वर्षांच्या पुराव्याची वाट बघत बसायचं का? आकड्यावर मान्यता देणं धाडसाचं होतं, हे मीही म्हणते. पण ते आंधळं नव्हतं. भिंती पडायच्या थांबल्या की ओढ्यातल्या कारव्या कमी होतात, एवढा संबंध तर पक्का आहे.

मामा : बरं. ही सगळी दवाखान्यातली गोष्ट झाली. तू आली आहेस बोईसरच्या कामगारांचं घेऊन. सरावली, खैरापाड्याच्या चाळींत राहणारी पोरं, उत्तर प्रदेश-बिहारची, ओडिशाची, आपल्या पाड्यांवरचीही. त्यांच्या रक्तात हे का शोधायचं?

भाची : कारण हेक्झेन. औषधांचा कच्चा माल, रंग, चिकटद्रव्यं बनवताना जगभर वापरतात ते सॉल्व्हंट. महिनोन् महिने ते श्वासातून गेलं तर यकृतात त्याचं हेक्झेनडायोन बनतं. हे रसायन शरीरात गेल्यावर नेमकं कशावर हल्ला करतं माहीत आहे? न्यूरोफिलॅमेंटवरच. त्या प्रथिनांना एकमेकांशी जखडून टाकतं. मग ॲक्सॉनमध्ये त्यांचे गोळे साचतात, वाहतूक तुंबते, आणि सर्वांत लांब धागे आधी मरतात. म्हणून आधी पायांची बोटं बधिर होतात, मग हातांची. १९६०च्या दशकात जपानमध्ये चपला चिकटवणाऱ्या कारागिरांत हे दिसलं. २००९मध्ये चीनमधल्या सुझौला मोबाइलचे पडदे हेक्झेननं पुसणारे १३७ कामगार बाधित झाले. ॲपलनं २०११मध्ये आपल्या पुरवठादारांच्या अहवालात ते कबूल केलं.

मामा : इथं तसं झालंय असं म्हणायचंय तुला?

भाची : नाही. बोईसरमध्ये किती जणांना झालं याचा आकडा माझ्याकडे नाही, आणि आकड्यावाचून आरोप करणं माझ्या पेशात बसत नाही. मी एवढंच म्हणते की धोका कुठं असू शकतो हे माहीत असेल तर तिथं बघायला हवं.

मामा : बघ, पण क्रमानं बघ. आधी हवेत किती वाफ आहे ते मोज. शिफ्ट संपल्यावर लघवीत ते हेक्झेनडायोन किती उतरतं ते मोज. ही तपासणी जुनीच आहे. मग माझं पेन, आणि पायाच्या अंगठ्यावर १२८ कंपनांचा ट्यूनिंग फोर्क. साखर तपास, बी-१२ तपास, दारू किती ते विचार. क्षयाच्या गोळ्या चालू आहेत का विचार, आयसोनियाझिडनंही बोटं मुंग्या येऊन बधिर होतात. तुझं रक्त सगळ्यांत शेवटी. आणि ॲक्सॉनमध्ये साचणाऱ्या त्या गोळ्यांचंच बघ, तू म्हणालीस तसं प्रथिन आत जखडून बसलं असेल तर ते रक्तात येईल तरी कसं? धागा तुटल्यावरच येईल. तेव्हा तूही उशिराच पोचलीस.

भाची : हा मुद्दा मला खोडता येणार नाही. धोका टाळायचा असेल तर हवा आणि लघवी आधी, हे बरोबर आहे. एनएफएल दाराशी उभं राहून धोका अडवत नाही, आत काही तुटायला लागलं एवढंच सांगतं. पण कर्करोगाच्या दवाखान्यात बघा. पॅक्लिटॅक्सेलसारखं औषध नसांना इजा करतं. तिथं डोस नेमका माहीत असतो, आणि डोस वाढत जाईल तसं अनेक रुग्णांत एनएफएल चढत जातं. माणसाची तक्रार, पेनाची नोंद आणि रक्ताचा आकडा तिन्ही एका दिशेला असले तर संशयाला जागा उरत नाही. ठेकेदार म्हणाला, पोरगा कामचुकार आहे, तर त्याला दाखवायला काहीतरी हवं ना?

मामा : इथं आलीस तू मुद्द्यावर. दाखवायचं कुणाला आणि कुणी? आमच्या खात्यात काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. अंगावर एक चट्टा निघाला, त्याचा कागद गावात फिरला, आणि माणसाचं काम गेलं, लग्न मोडलं. कुष्ठरोग झाला म्हणून घटस्फोट मागता येईल, ही तरतूद आपल्या कायद्यांतून २०१९मध्ये गेली. तोवर गोळ्यांनी बरा होणारा आजार नवरा-बायको तोडायला कायद्यानं पुरेसा होता. उद्या तुझा आकडा चढलेला दिसला की ठेकेदार काय करेल? हवा सुधारेल की माणूस बदलेल? दुसऱ्या दिवशी गेटपास बंद. मग पोरगा दुसऱ्या कारखान्यात जाईल, तिथं परत तेच ड्रम.

भाची : म्हणून तपासायचंच नाही?

मामा : तपासायचं, पण वही कुणाची ते आधी ठरवायचं. आमचं कार्ड रुग्णाच्या नावाचं होतं. नस सुजली तर पुढं काय, हे त्यावर ठरलेलं होतं. प्रेडनिसोलोन, विश्रांती, पुन्हा तपासणी. तुझ्या आकड्यापुढं काय ठरलंय?

भाची : खरं सांगू? आकड्यापुढचं नाही, पण वहीचं कायद्यात आधीच लिहिलेलं आहे, आपण वापरत नाही. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७मध्ये कारखाने अधिनियमात कलम ४१-सी घातलं गेलं. २०२५मध्ये त्या अधिनियमाच्या जागी नवी संहिता आली, तरी हे बंधन कायम राहिलं. धोकादायक प्रक्रियेवर माणूस लावण्याआधी त्याची वैद्यकीय तपासणी, काम चालू असताना बारा महिन्यांच्या आत पुन्हा, आणि ते काम सोडल्यावरही. घातक रसायनांशी संबंध येणाऱ्यांच्या आरोग्याच्या नोंदी अद्ययावत ठेवायच्या आणि नियमांतल्या अटींनुसार त्या कामगाराला बघायला मिळाल्या पाहिजेत, हेही तिथंच आहे.

मामा : आहे. आणि कित्येक ठिकाणी ती तपासणी म्हणजे रांगेत उभं करून रक्तदाब, वजन, छातीला स्टेथोस्कोप, पुढचा या.

भाची : मी त्यावरच बोलतेय. एनएफएलचा दुसरा मोठा दोष काय होता? माणसामाणसांत फरक, वयाचा फरक, वजनाचा फरक, एकट्या आकड्याला अर्थ नाही. त्यावरचा उपाय म्हणजे माणसाची त्याच्या स्वतःशीच तुलना. अमेरिकन सैन्यात नोकरीच्या काळात रक्त काढून साठवून ठेवतात. पुढं त्यातल्या काहींना मल्टिपल स्क्लेरॉसिस झाला. संशोधकांनी त्यांची जुनी रक्तं काढून तपासली, तर लक्षणं दिसण्याच्या सहा-सहा वर्षं आधी एनएफएल चढायला लागलेलं होतं. २०२२मध्ये त्याच साठ्यातून कळलं की या आजाराशी जोडल्या जाणाऱ्या एप्स्टाइन-बार विषाणूची लागण आधी होते, चढ नंतर सुरू होतो. आधीचं रक्त नसतं तर हे कळलंच नसतं. कामाला लागण्याआधी, मग दरवर्षी, मग काम सोडल्यावर, या तीन वेळा जपायला कायदा सांगतोच. हेक्झेनची इजा तर संपर्क थांबल्यावरही काही महिने वाढत राहते, म्हणून काम सोडल्यानंतरची तपासणी सर्वांत महत्त्वाची.

मामा : आणि ठेकेदार बदलला की कामगार नवा होतो, जुनी वही गायब. अकरा महिन्यांनी ठेका बदलतो, बारावा महिना येतच नाही.

भाची : म्हणून वही कारखान्याच्या कपाटात न राहता कामगाराच्या हातात हवी. तुमच्या कार्डासारखी.

मामा : तर मग माझी अट ऐक. पहिल्या पानावर पेन आणि ट्यूनिंग फोर्कची नोंद, हवेतल्या आणि लघवीतल्या रसायनाचा आकडा. तुझ्या रक्ताला शेवटचा रकाना. आणि रकान्यात आकडा वाढला तर आधी हवा तपासायची, मग माणूस. ड्रम झाकायचे, वारा खेळता करायचा, पगार न कापता माणसाला दुसऱ्या कामावर लावायचं. हे लिहून दिलं तर मी तुझ्या बाजूनं.

भाची : शेवटचा रकाना मला चालेल. पण तो रिकामा ठेवायचा नाही, एवढी माझी अट. आज ही चाचणी महाग आहे, मोठ्या प्रयोगशाळांतच होते. पण प्रत्येक वेळी थोडं रक्त गोठवून ठेवलं, तर स्वस्त होईल तेव्हा मागचे आकडे काढता येतील. आज न घेतलेलं रक्त मात्र उद्या कितीही पैसे टाकून मिळणार नाही.

दोघांचा वाद इथं थांबला, मिटला असं म्हणता येणार नाही. मामांचा अजूनही बोटांवर जास्त विश्वास आहे, भाचीचा रेणूंवर. वाचकानं निवाडा द्यायचा झाला तर तो असा द्यावा लागेल : नसेची इजा मोजणारं प्रथिन खरं आहे, पण ते कारण सांगत नाही, जागा सांगत नाही आणि एकदाच मोजलं तर फारसं काहीच सांगत नाही. ज्याच्या अंगातून ते निघालं त्याच्याकडे मागची नोंद असेल आणि पुढं काय करायचं ते ठरलेलं असेल, तरच त्याचा उपयोग. म्हणून यंत्राची वाट बघत बसण्याचं कारण नाही. बोईसर-तारापूरमध्ये रसायनांवर काम करणाऱ्या प्रत्येकानं आणि त्याच्या घरच्यांनी एवढं करावं. पायांच्या बोटांना मुंग्या येत असतील, चप्पल पायातून निसटलेली कळत नसेल, शर्टाचं बटण लावायला हात अडखळत असेल, तर दारूला किंवा थकव्याला दोष देण्याआधी डॉक्टरांना आपण कुठल्या रसायनावर काम करतो ते नावानिशी सांगावं. आणि पुढची वैद्यकीय तपासणी होईल तेव्हा आपल्या नोंदी बघायला मागाव्यात, त्यांची एक प्रत घरी ठेवावी. ठेकेदार बदलला तरी ती प्रत आपल्याजवळ राहील.